डोळ्याचा क्रम आणि कानाचा क्रम : देवनागरी मजकुराच्या पीडीएफ-रूपांतराचा इतिहास

‘किरण’ हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा प्रथम ककाराचा स्पर्श होतो व त्यानंतर इकार येतो. परंतु हाच शब्द कागदावर पाहिला असता डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या डोळ्यास आधी पहिली वेलांटी भेटते आणि मग क भेटतो. ‘वर्ष’ ह्या शब्दात याच्या उलट घडते. रकाराचा उच्चार षकाराच्या आधी होतो, पण रफार जाऊन बसतो तो षकाराच्या माथ्यावर. उच्चाराचा क्रम व दर्शनाचा क्रम ह्यांतील अशी तफावत ब्राह्मीपासून निघालेल्या बहुतेक लिप्यांत कमीअधिक प्रमाणात आढळते आणि वाचणाऱ्या माणसाला तिचा काही उपद्रव होत नाही. मूल दुसरी-तिसरीत गेले की अशी तफावत आहे हेदेखील ते विसरून जाते. यंत्राला मात्र ती विसरता येत नाही. कोणत्या क्रमाने अक्षरे साठवावयाची हे यंत्र बनविणाराला कधीतरी ठरवावेच लागते, आणि एकदा ठरविले की त्याचे परिणाम पुष्कळ दूरवर जातात.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल. वर्ड प्रोसेसरमध्ये तयार केलेला मजकूर पीडीएफ नावाच्या स्थिर मांडणीच्या फाइलमध्ये उतरविणे ही आज कचेऱ्यांतून, छापखान्यांतून व विद्यापीठांतून रोज घडणारी क्रिया आहे. एक कळ दाबली की ती पुरी होते. ह्या क्रियेत पानाचा चेहरा जसाच्या तसा टिकतो ह्याबद्दल वाद नाही. परंतु मजकूर देवनागरीत असेल तर त्या चेहऱ्यामागची भाषा वाटेत गळून पडण्याचा मोठा संभव असतो, आणि हे गळणे कोणाच्या निष्काळजीपणापेक्षा ह्या दोन प्रकारच्या फाइलींच्या निरनिराळ्या वंशावळीमुळे घडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती वंशावळ येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्याकडील पूर्वपीठिका पाहू. शिशाचे खिळे जुळविणारा जुळारी ‘कि’ जुळविताना आधी वेलांटीचा खिळा उचली व मग ककाराचा. त्याचे काम डोळ्याच्या क्रमाने चाले, कारण छापून निघणारी ओळ ही त्याच्या दृष्टीने आकृत्यांची रांग होती. टंकलेखन यंत्र आले तेव्हा त्यानेही हीच रीत उचलली. रेमिंग्टन पद्धतीच्या कळपाटावर काम करणारी व्यक्ती प्रथम वेलांटीची कळ दाबी, नंतर व्यंजनाची. इतकेच नव्हे तर कळांची संख्या मर्यादित असल्यामुळे अक्षरांचे तुकडे पाडून ते जोडण्याचीही सोय करावी लागली. दंडयुक्त अक्षराचा अर्धा भाग एका कळेवर आणि त्याचा काना दुसऱ्या कळेवर. हा सारा व्यवहार कागदापाशी संपत असे, म्हणून त्यात गैर असे काहीच नव्हते. कागदाला कोणी शोध घ्यावयास सांगत नव्हते. त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे शिळाछापावर पोथ्या व पंचांगे छापली जात. तेथे तर अक्षर ही स्वतंत्र वस्तूच नव्हती, सबंध पान हे एकच चित्र होते. शिळाछापाची ही आठवण पुढे उपयोगी पडणार आहे.

ह्या परंपरेला पहिला छेद दिला तो संगणकासाठी भारतीय लिप्यांची संकेतावली ठरविणाऱ्या मंडळींनी. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ह्या दिशेचे काम पुढे, १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेत ‘जिस्ट’ ह्या नावाने वाढीस लागले. १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा कळपाट प्रमाण म्हणून पुढे आला व १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक क्रमांक १३१९४ म्हणून मान्य झाली. तिचे मूलतत्त्व असे की, यंत्राने अक्षराची आकृती न साठविता वर्ण साठवावा आणि तो उच्चाराच्या क्रमाने साठवावा. ‘कि’ म्हणजे आधी क, मग इकाराची खूण. ‘र्ष’ म्हणजे आधी र, मग पाय मोडल्याची खूण, मग ष. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवणे किंवा रफार माथ्यावर चढविणे हे पडद्यावर वा कागदावर अक्षर काढण्याच्या वेळचे काम, ते साठवणीचे नव्हे. ह्याच तत्त्वामुळे एकच साठवलेला मजकूर देवनागरीत, गुजरातीत वा कानडी लिपीत दाखविणे शक्य झाले. स्थान व प्रयत्न ह्यांच्या आधारे वर्णांची मांडणी करणाऱ्या प्रातिशाख्यकारांना ही योजना परकी वाटली नसती. १९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला असल्यामुळे कानाचा हा क्रम जागतिक प्रमाणात जाऊन बसला. खिळे आणि टंकलेखन ह्यांच्या शंभराहून अधिक वर्षांच्या सवयीविरुद्ध घेतलेला हा निर्णय होता. भाषेच्या अभ्यासकाने त्याची थोरवी मोकळेपणाने मान्य करावयास हवी.

व्यवहाराने मात्र ती बराच काळ मान्य केली नाही. १९९० च्या दशकात घराघरांत पोहोचलेल्या विंडोज प्रणालीला देवनागरी ठाऊक नव्हती. ती सोय विंडोज २००० पासून झाली. मधल्या काळात लोकांनी एक युक्ती योजली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ जागांवर देवनागरीच्या आकृत्या व त्यांचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार झाले. कळा टंकलेखन यंत्राच्याच, क्रम डोळ्याचाच. कृतिदेव ह्या प्रसिद्ध फॉन्टमध्ये ‘किरण’ लिहावयाचे झाल्यास यंत्राच्या स्मृतीत रोमन एफ, डी, जे, एक पूर्णविराम व के एवढ्या गोष्टी जातात. एफ म्हणजे पहिली वेलांटी, डी म्हणजे क, जे म्हणजे र. पूर्णविराम हा अर्धा ण आणि के हा त्याचा काना. पडद्यावर ‘किरण’ दिसतो, पण यंत्राच्या लेखी तेथे मराठीचे एकही अक्षर नाही. श्रीलिपी, शिवाजी इत्यादी नावांनी प्रसिद्ध असलेल्या फॉन्टांची तऱ्हा तपशिलात निराळी, तत्त्वात हीच. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसे. मराठी छपाईच्या व्यवसायात पेजमेकर ह्या कार्यक्रमाचा वापर फार होता. त्याची अखेरची आवृत्ती, ७.०, २००१ साली निघाली व तिला युनिकोड अवगत नव्हते. त्यामुळे छापखान्यांतून ही युक्ती त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकली.

आता ह्या कथेचे दुसरे अंग. त्याचे मूळ कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आहे. तेथे १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी प्रभृतींनी ‘ब्राव्हो’ हा कार्यक्रम तयार केला. कागदावर जसे उमटेल तसेच पडद्यावर दाखविणारा हा आरंभीचा वर्ड प्रोसेसर. सिमोनी १९८१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली तेथून ‘वर्ड’ बाहेर आला. त्याच केंद्रात पानाचे वर्णन मुद्रकयंत्राला कसे सांगावे ह्या प्रश्नावर जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की काम करीत होते. आपले काम कंपनी बाजारात आणीत नाही असे पाहून ते १९८२ साली बाहेर पडले व त्यांनी ॲडोबी ही संस्था काढली. १९८४ साली त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी ॲपलच्या लेझररायटर ह्या मुद्रकात ती बसविली गेली. म्हणजे आपण आज ज्या दोन फाइलींमध्ये ये-जा करतो त्यांचे जन्मस्थान जवळजवळ एकच आहे. एकीचा विचार लिहिणाराच्या बाजूने झाला, दुसरीचा मुद्रकयंत्राच्या बाजूने.

हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. वर्ड प्रोसेसरच्या फाइलीत पान नावाची वस्तू साठविलेली नसते. तेथे वर्णांची माळ असते आणि हा भाग शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप अशा सूचना असतात. ओळ कोठे तुटावी, पान कोठे संपावे हे प्रत्येक वेळी फाइल उघडताना नव्याने ठरते. म्हणून त्या यंत्रावर तोच फॉन्ट नसला, किंवा समासाचे माप थोडे बदलले, की १२७ व्या पानावरचे वाक्य १२८ वर जाते. ज्यांना पृष्ठांक देऊन उद्धृते द्यावी लागतात त्यांना ह्याचा त्रास सांगावयास नको. पोस्टस्क्रिप्टमध्ये पान निश्चित होते खरे, पण ती पुरती प्रोग्रॅमिंगची भाषा होती; पन्नासावे पान पाहावयाचे तर आधीचे सर्व निवेदन यंत्राला चालवून पाहावे लागण्याचा संभव असे. १९९१ साली वॉर्नॉक ह्यांनी ‘कॅमलॉट’ नावाने एक छोटे टिपण लिहिले. निरनिराळ्या यंत्रांवर व प्रणालींवर तयार झालेले दस्तऐवज जसेच्या तसे पाठविता, पाहता व छापता येण्याचे सार्वत्रिक साधन नाही, हे त्यात त्यांनी नोंदविले व पोस्टस्क्रिप्टमधील चित्रांकनाचा भाग तेवढा उचलून असे साधन घडविता येईल असे सुचविले. त्यातून १९९३ च्या जून महिन्यात पीडीएफ व तिचा ॲक्रोबॅट हा कार्यक्रम लोकांपुढे आला. प्रारंभी वाचण्यापुरताही कार्यक्रम विकत घ्यावा लागे, त्यामुळे प्रसार मंद होता. तो विनामूल्य झाल्यावर परिस्थिती पालटली. २००८ साली हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक ३२००० म्हणून जाहीर झाले आणि एका कंपनीची मालमत्ता न राहता सर्वांचे झाले.

पीडीएफच्या पोटात काय असते? ‘अमुक फॉन्टमधील अमुक क्रमांकाची आकृती पानाच्या अमुक बिंदूवर काढावी’ अशा आज्ञा. फॉन्ट फाइलीतच बरोबर बांधून दिलेला असतो. पुष्कळदा त्यातील वापरलेल्या आकृत्या तेवढ्याच घेऊन त्यांना नवे क्रमांक दिलेले असतात. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा तेथे चिन्ह म्हणून असेलच असे नाही. पुढची आकृती थोड्या अंतरावर काढली म्हणजे काम भागते. हा पुन्हा जुळाऱ्याचा क्रम झाला. ज्या डोळ्याच्या क्रमातून इस्कीने आपल्याला बाहेर काढले होते त्यात ही फाइल आपल्याला परत नेऊन सोडते.

रोमन लिपीपुरता हा प्रश्न सहज सुटला. तेथे ज्या क्रमाने उच्चार त्याच क्रमाने दर्शन असल्यामुळे प्रत्येक आकृतीसमोर तिचे अक्षर लिहिलेला एक तक्ता फाइलीत ठेवला की मजकूर परत मिळतो. असा तक्ता ठेवण्याची सोय १९९६ च्या सुमारास १.२ ह्या आवृत्तीत झाली. एफ व आय ही दोन अक्षरे मिळून एक जोडआकृती झाली असली तरी तक्त्यात एका आकृतीसमोर दोन अक्षरे लिहिता येतात. ही योजना करणारांच्या डोळ्यांपुढे जी लिपी होती तिच्यासाठी एवढे पुरेसे होते, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु तक्ता फक्त आकृतीचे अक्षर सांगतो, क्रम सांगत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर पीडीएफमध्ये उतरविताना आधी क, इ ह्या संकेतांपासून वेलांटी, क ह्या आकृत्या घडविल्या जातात, जोडाक्षरे बांधली जातात, रफार उजवीकडे हलविला जातो. आणि मग त्या आकृत्या त्याच दर्शनक्रमाने फाइलीत जाऊन पडतात. परत काढताना तक्ता प्रामाणिकपणे सांगतो : वेलांटी, क, र, ण. ‘वर्ष’ परत येतो तो ‘वषर्’ होऊन, ‘कार्य’ येते ते ‘कायर्’ होऊन. संगणकावर मराठी मजकूर हाताळणाऱ्या कोणाही अभ्यासकाने हे विरूप शब्द पाहिलेले असतील. जोडाक्षराच्या आकृतीसमोर तक्त्यात काहीच लिहिलेले नसेल तर ते जोडाक्षर अजिबात नाहीसे होते व तेथे एक रिकामी चौकट उरते.

येथे मराठीची म्हणून एक खास अडचण आहे व तिच्यापाशी थोडे थांबणे इष्ट होईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरी ह्या शब्दाचे अनेकवचन. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. पहिल्या प्रकारात रकाराच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. आणि हा अर्थभेदक फरक लेखनात दाखविण्यासाठी मराठीने रफाराहून निराळे, अर्ध्या रकाराचे चंद्राकार चिन्ह राखले आहे. हिंदीच्या लेखनात त्याचे प्रयोजन पडत नाही. ह्या चिन्हासाठी युनिकोडने दोन मार्ग दिले : एक, नुक्तायुक्त र व त्याचा मोडलेला पाय, दुसरा, साधा र, मोडलेला पाय व त्यामागे शून्य रुंदीचा एक अदृश्य सांधा. दोन्ही मार्गांनी लिहिलेला शब्द डोळ्याला एकच दिसतो. एका मार्गाने लिहिलेला शब्द दुसऱ्या मार्गाने शोधला तर सापडेलच असे नाही, ही तर रूपांतरापूर्वीचीच अडचण. रूपांतरानंतर तिच्यात भर पडते. अदृश्य सांध्याला आकृती नाही, आणि पीडीएफ आकृत्यांची बनलेली. तेव्हा तो सांधा सर्वांत आधी गळतो. पानावर ‘दऱ्या’ दिसतात, पण नक्कल करून दुसरीकडे चिकटविल्यास ‘दर्या’ उमटतो. डोंगराच्या जागी समुद्र यावा हा विनोद म्हणून ठीक आहे. बोलीभाषेच्या संहितेत तो विनोद राहत नाही.

प्रस्तुत लेखकाचा डॉक्टरेटचा प्रबंध वऱ्हाडी बोलीतील क्रियारूपांवर होता आणि तो २००८ साली सादर झाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो एका टंकलेखकाकडून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये करवून घेतला होता. काही वर्षांनी नव्या संगणकावर वर्डची मूळ फाइल उघडली तेव्हा चारशे पानांवर रोमन अक्षरे, विरामचिन्हे व गणितातील खुणा ह्यांखेरीज काही दिसेना. तो फॉन्ट बाजारातून गेला होता व त्याची तबकडीही हरवली होती. सुदैवाने छपाईसाठी त्याच वेळी पीडीएफ प्रत करून ठेवली होती. ती उघडली आणि प्रत्येक पान, प्रत्येक तळटीप, वर्णनात्मक चिन्हांसकट जशीच्या तशी समोर आली. वॉर्नॉक ह्यांनी जे करू म्हटले होते ते येथे अक्षरशः सिद्ध झाले, असे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. फॉन्टाच्या त्या अराजकाच्या काळातील किती मराठी लेखन केवळ ह्या फाइलीमुळे वाचण्याजोगे उरले आहे ह्याची आपल्याला नीटशी जाणीव नाही.

परंतु पुढे एका वर्गात एक अंध विद्यार्थी आला. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाच्या साहाय्याने तो अभ्यास करी. संदर्भासाठी त्याला हीच पीडीएफ दिली. दुसऱ्या दिवशी तो आला व अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘‘सर, आपण मला बहुधा दुसरीच फाइल दिलीत, हिच्यात नुसती इंग्रजी अक्षरे आहेत.’’ फाइल तीच होती. जे पान डोळसांना निर्दोष मराठी दिसत होते ते कानाला एफ, डी, जे असे ऐकू येत होते. त्यानंतर युनिकोडमध्ये केलेली एक टिप्पणी त्याला दिली. तिच्यात मराठी ऐकू आले, पण ‘वर्ष’च्या जागी ‘वषर्’ आणि ‘कार्य’च्या जागी ‘कायर्’. त्याने काही ओळी ऐकल्या व तो हसून म्हणाला, की ही एखादी नवीन बोली असावी. भाषाशास्त्राच्या शिक्षकाला ह्याहून अधिक मार्मिक अभिप्राय क्वचितच मिळत असेल. शेवटी मूळ वर्ड फाइलच त्याला द्यावी लागली.

ह्या दोषाचा परिहार अशक्य आहे असे नाही, आणि मानके ठरविणाऱ्यांना तो कळला नव्हता असेही नाही. २००१ च्या १.४ ह्या आवृत्तीत पीडीएफला मजकुराची रचना, म्हणजे शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, हे सांगणाऱ्या खुणा लावण्याची व्यवस्था झाली. आणि एखाद्या अंशामागे त्याचा खरा मजकूर, म्हणजे कानाच्या क्रमातील वर्णमाला, लपवून ठेवण्याचीही सोय झाली. अशी सोय वापरली तर पानावर ‘वर्ष’ दिसतो व आतही ‘वर्ष’च राहतो. दीर्घकालीन जतनासाठी २००५ साली ठरविलेल्या पीडीएफ-ए ह्या मानकात तर दोन पायऱ्याच केल्या आहेत. एका पायरीवर पान पुढेही तसेच दिसेल एवढीच हमी असते. दुसरीवर रचनेच्या खुणा आणि युनिकोडशी नाते ह्यांचीही अट असते. २०११ च्या दुसऱ्या भागात रचनेचा आग्रह न धरता युनिकोडची तेवढी अट घालणारी मधली पायरीही आली. चेहरा आणि भाषा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ह्या पायऱ्यांनी औपचारिकपणे कबूल केले, एवढे त्यांचे महत्त्व आहे. तथापि तपासणी करणाराने युनिकोडशी नाते आहे की नाही एवढेच पाहिले, तर ‘वषर्’ हाही त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. कारण त्यातील प्रत्येक चिन्ह निखालस युनिकोडचे आहे.

सोय असणे आणि ती वापरली जाणे ह्यांत अंतर पडले त्याचेही कारण इतिहासात आहे. आरंभी पीडीएफ बनविण्याचा रूढ मार्ग म्हणजे फाइल एका काल्पनिक मुद्रकाकडे ‘छापावयास’ पाठविणे. मुद्रकाला फक्त आकृत्या हव्या असतात. शीर्षक, परिच्छेद, वर्णक्रम ह्यांची माहिती वर्ड प्रोसेसर त्याला देतच नाही, कारण कागदावर काढण्यास तिची गरज नसते. म्हणजे ह्या वाटेने गेलेला मजकूर दारातच आपली भाषा ठेवून आत जातो. वर्ड प्रोसेसरनेच थेट पीडीएफ लिहावी ही दुसरी वाट ओपनऑफिसच्या १.१ ह्या आवृत्तीने २००३ साली सर्वांना खुली केली. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये तशी सोय ठेवण्याचे ठरविले होते, परंतु २००६ साली ॲडोबीशी मतभेद होऊन ती मूळ संचातून काढून वेगळी पुरवणी म्हणून द्यावी लागली. २००९ च्या सुधारणेत ती संचात आली. ह्या दुसऱ्या वाटेने रचनेच्या खुणा व खरा मजकूर बरोबर नेता येतो, जर रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाने तेवढे कष्ट घेतले तर. आपल्या कचेऱ्यांतून मात्र पहिल्या वाटेची सवय अजून पुरती सुटलेली नाही. काही ठिकाणी तर फाइल कागदावर छापून, सही-शिक्का करून, तो कागद पुन्हा यंत्राखाली धरून त्याची छायाप्रत पीडीएफ म्हणून ठेवितात. तेथे अक्षर म्हणून काहीच उरत नाही. आपण शिळाछापापाशी येऊन पोहोचतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा असता तर संशोधनपत्रिकेत त्याला जागा देण्याचे प्रयोजन नव्हते. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार उभारले. ह्या भांडारातील प्रबंध पीडीएफ रूपात आहेत, व मराठीतील प्रबंधांत जुन्या फॉन्टांतील, युनिकोडमधील आणि छायाप्रतींचे असे तिन्ही प्रकार सापडतात. राज्याचे शासन निर्णयही संकेतस्थळावर पीडीएफ म्हणूनच प्रसिद्ध होतात. मराठी गद्याचा अलीकडचा फार मोठा साठा अशा रीतीने स्थिर मांडणीच्या फाइलींत जाऊन बसला आहे. उद्या कोणास ह्या काळातील मराठीचा शब्दकोश करावयाचा असेल, एखाद्या प्रत्ययाची वारंवारता मोजावयाची असेल, किंवा एखादी संज्ञा प्रथम कोठे वापरली गेली हे शोधावयाचे असेल, तर त्याला ह्याच साठ्याकडे जावे लागेल. आणि तेथे वेलांटी व रफार असलेला प्रत्येक शब्द संशयास्पद असेल. ज्या शब्दांत त्या दोहोंपैकी काही नाही ते शब्द अधिक सापडतील, आणि मोजणीत मराठी भाषा आहे त्याहून निराळी दिसेल. ऱ्हस्व इकार कमी झाला असा सिद्धान्त कोणी मांडला तर आश्चर्य वाटू नये! वाङ्मयचौर्य हुडकण्याच्या यंत्रांबद्दल तर बोलावयासच नको. कृतिदेवमधील प्रबंध त्यांच्या परीक्षेत निष्कलंक ठरावा ह्यात नवल ते काय, कारण त्यांना तो वाचताच येत नाही.

ह्यावर आज जो उपाय केला जातो तो मोठा गमतीचा आहे. पीडीएफचे प्रत्येक पान चित्र समजून ते यंत्राच्या डोळ्याकडून पुन्हा वाचवून घ्यावयाचे. अक्षरे ओळखणारे टेसरॅक्टसारखे कार्यक्रम मराठी पान आता बऱ्यापैकी वाचतात. जो मजकूर मुळात वर्णमालेच्या रूपाने संगणकात होता त्याचे आपण चित्र केले, आणि त्या चित्राकडे पाहून आतली वर्णमाला कोणती असावी ह्याचा तर्क आता यंत्राला करावयास लावतो. छापील जुन्या ग्रंथांसाठी हा मार्ग अपरिहार्य आहे. कालपरवा टंकित झालेल्या मजकुरासाठी तो का लागावा, ह्याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नाही.

वर उल्लेखिलेला प्रबंध ह्याच मार्गाने गेल्या वर्षी युनिकोडमध्ये आणला. पहिली वेलांटी बहुतेक ठिकाणी योग्य जागी आली, रफारही सुधारले. अर्धा र मात्र यंत्राने कोठे रफार म्हणून वाचला, कोठे गाळला. तो हाताने, पान समोर ठेवून, एकेक करून दुरुस्त करावा लागत आहे. नवी पीडीएफ करताना रचनेच्या खुणा ठेवून थेट रूपांतराची वाट धरली व ती प्रत त्याच विद्यार्थ्याकडे ऐकून पाहण्यासाठी पाठविली. तो आता एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. त्याचे उत्तर आले आहे. मजकूर नीट ऐकू येतो, तळटिपा आपल्या जागी येतात, तक्ते थोडे अडखळतात. फक्त पहिल्या पानावरील बोलीचे नाव यंत्र अजून ‘वर्हाडी’ असे वाचते.